दंडुका, सॅप की शिट्टी? जुन्या पोलिसी वस्तूंतून घरात काय ठेवावं

गेल्या उन्हाळ्यात पेन्सिल्वेनियातल्या एका घरी सामान विक्रीला काढलं होतं. घरमालक निवृत्त सार्जंट. ते वारले आणि मुलगी घर मोकळं करत होती. मी गेलो होतो जुन्या अवजारांसाठी, पण तळघरातल्या मांडणीवर बुटांचं एक खोकं दिसलं आणि तिथेच अडकलो. खोक्यात होतं ते असं: हिकरीच्या लाकडाचा, वादी लावलेला एक लांब दंडुका, काळवंडलेली शिट्टी, पितळेची नंबर कोरलेली किल्ली, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात कायमचा बंद केलेला बिल्ला, आणि तळाशी, एका राखाडी मोज्यात गुंडाळलेला, वीतभर लांबीचा काळा चामडी पट्टा. तो उचलला आणि मनगट खाली गेलं. हाताला वाटतं एक आणि वजन निघतं दुसरंच.

"यातलं मी काय ठेवू आणि काय देऊन टाकू?" मुलीने विचारलं.

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. घरात वडिलांचं किंवा सासऱ्यांचं असं खोकं निघालेले आणि या वस्तू जमवायला नव्याने सुरुवात करणारे, दोघांनाही हाच प्रश्न पडतो. म्हणून तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सविस्तर लिहितो. हा सगळा मामला अमेरिकेचा आणि थोडा ब्रिटनचा आहे. कायदे तिथले, वस्तू तिथल्या. आपल्याकडची लाठी आणि हवालदाराचा रूळ हा वेगळा विषय.

मोज्यातली वस्तू

आधी तो काळा पट्टा. त्याला म्हणतात सॅप. त्याचा सख्खा भाऊ ब्लॅकजॅक. लोक दोन्ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, जमवणारे मात्र फरक करतात. ब्लॅकजॅक गोल असतो: एका टोकाला शिशाचा गोळा, मधे स्प्रिंग किंवा लवणारी दांडी, आणि वरून वेणी घातल्यासारखं विणलेलं चामडं. सॅप चपटा: चामड्याच्या दोन थरांत शिसं आणि पोलादाची लवचिक पट्टी ठेवून कडेने शिवलेला, बीव्हरच्या शेपटीसारखा टोकाला रुंद.

चपटा कशासाठी, तर खिशासाठी. गणवेशाच्या पँटला मांडीच्या मागच्या बाजूला एक अरुंद, उभा खिसा शिवलेला असायचा. त्याला नावच सॅप पॉकेट. आत वस्तू आहे हे समोरच्याला कळायचं नाही. काही पोलिसांकडे बोटांच्या सांध्यांवर शिशाची पूड भरलेले हातमोजेही असत, तेही त्याच जातीचे. या वस्तू गावठी नव्हत्या. मेरीलँडची बुखायमर, ओक्लाहोमातली डॉन ह्यूम अशा पिस्तुलाची म्यानं बनवणाऱ्या कारखान्यांत त्या रीतसर शिवल्या जात, शिक्का मारून विकल्या जात. आज जमवणारे आधी तो शिक्काच शोधतात.

सॅपचं वजन ऐकलं तर हसू येईल. पाव किलोच्या आसपास, मोठा असला तर थोडा जास्त. पण ते सगळं टोकाला एकवटलेलं आणि मागे लवणारी पट्टी. चामडं मऊ असल्याने वरची कातडी सहसा फाटत नाही, पण आतलं हाड पिचतं. जखम दिसत नाही आणि माणूस खाली बसतो, हीच त्याची ख्याती. पुढे हीच त्याला नडली. डोक्यावरचा फटका म्हणजे प्राणघातक बळाचा वापर, असं पोलीस खात्यांच्या नियमावल्या म्हणू लागल्या. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोनेल खटल्यात सांगितलं की नागरी हक्कांच्या भंगाबद्दल नगरपालिकेवरच थेट दावा लावता येतो. मग भरपाई शहराच्या तिजोरीतून जायची वेळ आली आणि सॅप झपाट्याने खिशातून बाहेर गेले.

जागा रिकामी राहिली नाही म्हणा. सॅप गेला आणि हातात जड धातूच्या लांब बॅटऱ्या आल्या. नावाला बॅटरी, कामाला सोटा. १९९२ मध्ये डेट्रॉइटला मॅलिस ग्रीन नावाच्या माणसाचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला, त्यात वापरली गेली ती अशीच बॅटरी. वस्तू बदलली, मनगट तेच.

वादीवाला दंडुका

आता हिकरीचा दंडुका. अमेरिकेत याला नाइटस्टिक म्हणतात आणि नावात गंमत आहे. दिवसपाळीची काठी आखूड असे, रात्रपाळीची लांब, साधारण बावीस ते सव्वीस इंच. हिकरी, लोकस्ट अशा चिवट लाकडाची, लेथवर कातलेली, मुठीला खाचा, वरच्या बाजूला चामड्याची वादी. रेडिओ यायच्या आधी रात्री फुटपाथच्या दगडावर ही काठी आपटून शेजारच्या गस्तीवरच्या शिपायाला इशारा दिला जाई. म्हणजे ती हत्यार होती तशी निरोपाची घंटाही होती. खोक्यातला दंडुका खालच्या टोकाला चिंबलेला, कडा मऊ झालेल्या. पण हे सार्जंट वॉकीटॉकीच्या जमान्यातले, त्यामुळे ही झीज इशाऱ्यांची नसावी. चालता चालता भिंतीला, कुंपणाला, पायरीला टेकवायची सवय असेल.

या काठीला राजकारणही चिकटलं आहे. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी १८९५ ते १८९७ न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. आधीच्या मंडळाने काढून घेतलेल्या नाइटस्टिक त्यांनी शिपायांना परत दिल्या. बाल्टिमोरची गोष्ट याहून मजेशीर. तिथल्या काठीला एस्पँटून असं खास नाव. मूळ शब्द स्पाँटून, म्हणजे अठराव्या शतकातल्या पायदळ अधिकाऱ्यांचा आखूड भाला. गस्त घालताना वादी बोटात अडकवून ही काठी गरागरा फिरवणं हे तिथल्या शिपायाचं लेणं. १९९४ साली एका आयुक्ताने ती बंद केली आणि २००० साली दुसऱ्याने सन्मानाने परत आणली. सॅप परत आणा असं मात्र कोणी म्हटलेलं माझ्या कानावर नाही.

माझं सगळं मत याच फरकावर उभं आहे. एक वस्तू रस्त्यावर सगळ्यांना दिसावी म्हणून होती, दुसरी कोणाला दिसू नये म्हणून. कायदा, झीज, भिंतीवरची जागा, नातवंडांना सांगायची गोष्ट, प्रत्येक बाबतीत हा फरक पुन्हा समोर येतो.

कायद्याच्या तराजूत

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. पुष्कळ जण इथेच फसतात.

पेन्सिल्वेनियाच्या कायद्यात बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत ब्लॅकजॅक नावानिशी आहे. त्याच कलमात एक बचावही दिला आहे: वस्तू निव्वळ कुतूहलाची, संग्रहाची म्हणून बाळगली असेल तर तसं सांगता येतं. पण बचाव म्हणजे परवानगी नव्हे. तो कोर्टात उभं राहून सांगायचा असतो. न्यूयॉर्कमध्ये ब्लॅकजॅक आणि बिली, म्हणजे आखूड दंडुका, नुसता जवळ असणं हाच गुन्हा. कॅलिफोर्नियात बिली, ब्लॅकजॅक, सॅप अशी नावं घेऊन बंदी आहे आणि तिचं मूळ १९१७ पर्यंत जातं. २०२४ च्या फेब्रुवारीत सॅन डिएगोच्या फेडरल न्यायाधीशांनी बिलीवरची ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि राज्य सरकार अपिलात गेलं. टेक्ससने उलट वाट धरली. तिथे १ सप्टेंबर २०१९ पासून दंडुक्याच्या जातीच्या वस्तू जवळ बाळगण्यावरची बंदी उठली.

बिली शब्दात नाइटस्टिकही येऊ शकते, हे विसरू नका. तरी व्यवहारात पाटीवर ठोकलेली, नाव कोरलेली लाकडी काठी आणि गाडीच्या सीटखाली सापडलेला सॅप यांच्याकडे पाहायची नजर वेगळी असते. कुठे ठेवली आहे यावरून हेतू वाचला जातो. भिंतीवर असेल तर आठवण, गाडीत असेल तर हत्यार.

निवृत्त अधिकाऱ्यांचा एक गोड गैरसमजही दूर करायला हवा. २००४ च्या एका फेडरल कायद्याने पात्र निवृत्त पोलिसांना देशभर लपवून पिस्तूल बाळगायची मुभा दिली. ती मुभा बंदुकीपुरती आहे. सॅपला, ब्लॅकजॅकला, दंडुक्याला ती लागू नाही. म्हणजे कमरेला पिस्तूल कायदेशीर आणि खिशातला पाव किलोचा चामडी पट्टा बेकायदा, अशी अवस्था होऊ शकते. विचित्र आहे, पण आहे.

सॅप आणि दंडुका, दोन्ही विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेच्या यादीप्रमाणे चेक-इन बॅगेत चालतात. पण ती झाली विमानाची यादी. उतराल त्या राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, आणि देशाबाहेर नेणार असाल तर तिथला कस्टमचा नियम त्याहून वेगळा.

ब्रिटिश दंडुका: सुंदर, महाग आणि अडचणीचा

जमवायला सुरुवात करणाऱ्याचा डोळा हमखास जातो तो व्हिक्टोरियन ट्रन्चनवर, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या पोलिसी दंडुक्यावर. काळ्या लाकडावर सोनेरी-लाल रंगात मुकुट, खाली राणीची अक्षरं, कधी गावाचं नाव. दिसायला याच्याइतकी देखणी पोलिसी वस्तू दुसरी नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

१८२९ साली रॉबर्ट पील यांनी लंडनला मेट्रोपॉलिटन पोलीस उभे केले तेव्हा लोकांना सैन्याची भीती होती. म्हणून कोट लाल न ठेवता निळा ठेवला आणि दंडुका कोटाच्या मागच्या लांब शेपटीतल्या खिशात दडवला. पुढे तो काही काळ पट्ट्याला चामडी म्यानात आला आणि शेवटी पँटच्या पायात शिवलेल्या खोल खिशात गेला. म्हणजे हाही लपवलेलाच. पण सॅप लपवला तो समोरच्याला बेसावध गाठता यावं म्हणून, आणि हा लपवला तो समोरच्याने बिचकू नये म्हणून. शिवाय रंगवलेला मुकुट हे एका अर्थी ओळखपत्र होतं. दंडुका बाहेर काढून दाखवला की राजसत्तेचा माणूस आहे हे कळायचं.

लांबी पुढे पुढे कमी होत गेली. सुरुवातीचे वीस इंचांच्या घरात, नंतरचे पंधरा-सोळा इंचांचे. लाकूड लिग्नम व्हिटी, रोझवूड अशा जड जातीचं. मुठीजवळ बनवणाऱ्याचा शिक्का असतो: बर्मिंगहॅमचे हायट, लंडनच्या होल्बर्नचे पार्कर. विसाव्या शतकात रंग गेला, साधं पॉलिश राहिलं. १९९० च्या दशकात लांब आणि घडीच्या बॅटन आल्या आणि लाकडी ट्रन्चन निवृत्त झाला.

अडचण अशी की १४ जुलै २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरळ, आडव्या मुठीचा किंवा घडीचा दंडुका स्वतःच्या घरात बाळगणं हाही गुन्हा आहे. आधी विक्री आणि आयातीवर बंदी होती, आता कपाटातल्या वस्तूवरही आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला सूट आहे. परिणाम मोठा विपरीत झाला. पणजोबांचा रंगीत ट्रन्चन भिंतीवर चालतो, १९७० साली स्वतः वापरलेला साधा ट्रन्चन आजोबांना चालत नाही. तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर दंडुक्याचं वय कागदावर सिद्ध करता येणं हीच त्याची खरी किंमत.

आणि वय सिद्ध करणं सोपं नाही, हे मी पैसे देऊन शिकलो. माझा पहिला "व्हिक्टोरियन" ट्रन्चन मी फोटोवर भाळून घेतला. मुकुट झळझळीत, कडा छान झिजलेल्या. घरी आणून खिडकीपाशी उन्हात फिरवला तेव्हा दिसलं की मुठीवरचे ओरखडे रंगाच्या खालून जात आहेत. म्हणजे लाकूड आधी झिजलं आणि मुकुट नंतर रंगवला. वादीच्या भोकात काडी घालून पाहिली तर आतही ताजं सोनेरी व्हार्निश ओघळलेलं. लाकडाची काठी जुनी होती, राणी मात्र कालपरवाची. विकणाऱ्याने पत्राला उत्तर दिलं नाही. तो दंडुका अजून माझ्याकडे आहे. घरच्यांनी त्याला नवरदेव नाव ठेवलंय.

अस्सल-नक्कल, आणि जपणूक

नाइटस्टिकमध्ये नकलेचा धोका कमी, कारण साध्या काठीची नक्कल करून फारसं सुटत नाही. नक्कल होते ती नावाची. रिकाम्या काठीवर शहराचं नाव ठोकायला दहा मिनिटं लागतात. अक्षरांच्या तळाशी मळ बसला आहे का, कडा बोथट आहेत का, ते भिंगाखाली बघा. मुठीवरच्या चाकूच्या खाचा दाखवून "एक खाच म्हणजे एक अटक" अशी कहाणी सांगणारे भेटतात. त्या खाचांना मी एक पैसाही जास्त देत नाही.

सॅपची परीक्षा वेगळी. वर्षानुवर्षं मांडीमागच्या खिशात राहिलेला सॅप सपाट राहत नाही, त्याला शरीराचं किंचित वळण येतं. कडेचा काळा रंग जाऊन तपकिरी चामडं दिसतं, शिवणीच्या टाक्यांत मळ गच्च बसतो, मनगटात अडकवायची वादी ताणून पातळ होते. सगळीकडे सारखाच काळाभोर आणि टाके पांढरे असतील तर वस्तू कालची आहे. सॅप अजूनही नव्याने बनतात, त्यामुळे ही तपासणी चुकवू नका.

जपण्याच्या बाबतीत लाकूड साधंभोळं आहे. धूळ पुसा, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात, उन्हापासून आणि हीटरपासून लांब. नव्याने पॉलिश करू नका. हाताच्या घामाने आलेली काळपट चकाकी म्हणजेच त्या काठीचा इतिहास, आणि तो सँडपेपरने दोन मिनिटांत पुसला जातो.

सॅपचं तसं नाही. जुन्या चामड्याला एक रोग लागतो, पृष्ठभाग लालसर पुडीसारखा सुटायला लागतो. एकदा सुरू झाला की तेल पाजून बरा होत नाही, उलट तेलाने चामडं काळं आणि चिकट होतं. शिवण उसवली की आतलं शिसं हवेला लागतं, हाताला लागतं. असा सॅप हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती तर देऊच नका. आणखी एक गोष्ट, जी चौकट करून देणारे सहसा सांगत नाहीत: शिशाची वस्तू ओकच्या लाकडी पेटीत बंद करू नका. ओकमधून आम्ल वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी चढते. निवृत्तीला भेट म्हणून देतात त्या काचेच्या झाकणाच्या पेट्या पुष्कळदा ओकच्याच असतात. बापाची आठवण जपायला पेटी केली आणि पेटीनेच वस्तू खाल्ली, असा प्रकार.

नंतरच्या बॅटन

यांच्यासाठी फार शाई खर्च करत नाही. पीआर-२४ ही आडवी मूठ असलेली चोवीस इंची बॅटन, न्यू हॅम्पशायरच्या मोनॅडनॉक कंपनीची, १९७० च्या दशकात आली. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसला रॉडनी किंगला मारहाण झाली, ती व्हिडिओवर टिपली गेली आणि जगाने पाहिली. त्यात पोलिसांच्या हातात याच घाटाच्या धातूच्या बॅटन होत्या. त्यानंतर ही वस्तू भिंतीवर लावणाऱ्याला पाहुण्यांच्या प्रश्नांची तयारी ठेवावी लागते. घडीची पोलादी बॅटन, विस्कॉन्सिनच्या एएसपी कंपनीने रूढ केलेली, आजही रोजच्या वापरात आहे. ती आठवण होण्याइतकी जुनी झालेली नाही. दोन्ही कारखान्याच्या साच्यातून निघालेल्या, एक दुसरीपासून ओळखता न येणाऱ्या. मालकाचा नंबर कोरलेला नसेल तर मी घेणार नाही.

खोक्यातल्या बाकीच्या वस्तू

लोक दंडुक्याकडे बघतात आणि शिट्टी, किल्ली, वही बाजूला सारतात. मला ही चूक वाटते.

बिल्ल्यापासून सुरू करू. निवृत्त होताना मूळ बिल्ला बहुतेक खाती परत घेतात किंवा "निवृत्त" असं कोरलेला वेगळा देतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये ओतून देण्यामागे सोय अशी की तो पुन्हा छातीला लावता येत नाही. अस्सल पोलिसी बिल्ल्यांच्या आंतरराज्य देवघेवीवर फेडरल कायद्याने बंधन आहे. आठवण, संग्रह किंवा सजावट एवढाच उपयोग असेल तर बचाव मिळतो. म्हणून ठोकळा फोडून बिल्ला मोकळा करायचा मोह झाला तरी आवरा. ठोकळा आहे तोवर वस्तूचा हेतू कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

शिट्टी ही माझी लाडकी. ब्रिटिश पोलिसांनी लाकडी खुळखुळ्याऐवजी शिट्टी घेतली ती १८८० च्या दशकात, बर्मिंगहॅमच्या जे. हडसन यांच्याकडून. त्यांचा पत्ता शिट्टीवर कोरलेला असतो आणि कारखान्याचे पत्ते बदलत गेल्याने त्यावरून वय काढता येतं. दंडुक्याला जन्मदाखला नसतो, या नखाएवढ्या अक्षरांना असतो. कायद्याची कटकट नाही, जागा लागत नाही, आणि नातवाच्या हातात देता येते. नंतर कान झाकावे लागतात एवढंच.

पितळी किल्ली म्हणजे पोलिसांच्या टेलिफोन पेटीची. शिकागोमध्ये १८८० साली अशा पेट्या चौकाचौकांत बसल्या आणि मग इतर शहरांत पसरल्या. गस्तीवरचा शिपाई ठरल्या वेळी पेटी उघडून ठाण्याला कळवायचा की मी अमुक ठिकाणी आहे. रेडिओने त्या पेट्या मोडीत काढल्या, तरी किल्ल्या पुष्कळांच्या जुडग्यात राहून गेल्या. किल्लीवरचा नंबर आणि सेवापुस्तकातला नंबर जुळला तर त्या वस्तूइतकी पक्की ओळख दुसऱ्या कशाला नाही.

आणि खिशातली वही. सार्जंटच्या खोक्यात ती नव्हती. दिसायला काहीच नाही. पण "रात्री २.१०, कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं, मालकाला कळवलं" अशी एक ओळ सापडली तर शेजारच्या दंडुक्याला अर्थ येतो. वहीत तिऱ्हाइतांची नावं, पत्ते असू शकतात, म्हणून ती विकायची नाही, जालावर टाकायची नाही. घरात ठेवायची.

मग काय घ्यावं?

घरातल्या माणसाची आठवण म्हणून मोजक्याच वस्तू ठेवायच्या असतील तर माझं उत्तर: नाइटस्टिक, तिच्याबरोबर किल्ली किंवा शिट्टी, आणि कागदाचा एक तुकडा, ज्यावर कोणाची, कोणत्या शहरात, कोणत्या वर्षांत वापरली ते लिहिलेलं. कागद नसेल तर ते वडीलधारे आहेत तोवर विचारून घ्या. राज्याचा कायदा बिलीबाबत कडक असेल तर काठी राहू द्या, शिट्टी आणि किल्लीवर भागतं.

संग्रह म्हणून सुरुवात करत असाल आणि हात मोकळा असेल तर शंभर वर्षांपलीकडचा रंगीत ट्रन्चन, पण प्रत्यक्ष हातात धरून, उन्हात फिरवून. फोटोवरून नको. तिघांत सगळ्यात महाग तोच पडतो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही त्यातच. साधी नाइटस्टिक स्वस्त, सॅप मधे कुठेतरी, शिक्क्याप्रमाणे.

सॅप? पोलिसी इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याच्या संग्रहात त्याची जागा आहे, कारण त्याच्याशिवाय ती गोष्ट अर्धी राहते. राज्याचा कायदा तपासलेला असावा, शिवण शाबूत असावी, आणि तो नियमावलीतून का गेला हे बाजूच्या चिठ्ठीवर लिहायची तयारी असावी. नुसता "भारी दिसतो" म्हणून घेऊ नका. ज्याला तो लागला त्याच्या घरीही कोणी त्याची आठवण काढत असेल.

सार्जंटच्या मुलीने काठी, किल्ली आणि बिल्ला ठेवला. शिट्टी तिच्या मुलाने आधीच गळ्यात घातली होती. मोजा तेवढा ती दोन दिवस टेबलावर ठेवून होती. मग वकिलाला विचारून, आधी फोन करून, जवळच्या ठाण्यात घेऊन गेली. टेबलामागच्या तरुण शिपायाने मोज्यातून तो पट्टा काढला, उलटापालटा केला, चामड्याचा वास घेतला आणि तिलाच विचारलं, "हे कशाचं म्यान आहे?"